बुधवार, रात्रीचे अकरा एकोणसाठ

कारखान्यातल्या दोघीतिघी आणि आमच्या गल्लीतल्या एक वहिनी गेले पंधरा दिवस मला एकच गोष्ट विचारतायत. "अक्का, ते मोबाईलवरचं मोफत शिक्षण असतं तरी कसं? आणि मोफत आहे तर हजार रुपये कशाचे भरलेस?" प्रत्येकीला तेच तेच सांगून माझा घसा बसला. म्हणून एकदाचं लिहून काढतेय. जसं घडलं तसं, चुकांसकट.

आधी मी कोण ते सांगते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघते. हाजरी, पगारपत्रक, जीएसटीची बिलं. वय पंचेचाळीस. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं ते सुटलंच. मराठी माध्यम. इंग्रजी वाचता येतं, पण कुणी भरभर बोललं की फक्त चेहरा बघत बसते.

सुरुवात झाली सप्टेंबर २०२४ मध्ये. धाकट्याला ताप आला. दुसऱ्याच दिवशी रक्त तपासलं, डेंगी नाही असं आलं. आम्ही निर्धास्त. सहाव्या दिवशी पुन्हा तपासलं तर डेंगी आहे, आणि प्लेटलेट अडतीस हजारांवर. चार दिवस दवाखान्यात काढले. मुलगा बरा झाला, पण मला एक प्रश्न चिकटून बसला तो बसलाच. पहिल्या तपासणीत काहीच का दिसलं नाही? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "होतं असं कधीकधी." त्यांच्या दारात चाळीस माणसं बसलेली, त्यांना तरी काय बोलणार? नातेवाईक पपईच्या पानांचा रस घेऊन येत होते, एक जण किवी, एक जण अंगारा. मी सगळ्यांना हो म्हणत होते, कारण मला काहीच माहीत नव्हतं.

डिसेंबरात भाच्याने "स्वयम" दाखवलं. केंद्र सरकारचं संकेतस्थळ, जुलै २०१७ पासून चालू आहे. शाळेपासून पदव्युत्तरपर्यंतचे कोर्स, देशभरातल्या प्राध्यापकांचे व्हिडिओ, सगळं बघायला फुकट. इतिहास, राज्यशास्त्र, विज्ञान, आरोग्य, जे म्हणाल ते. माझी अवस्था लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा बसलेल्या पोरासारखी झाली. जानेवारीच्या सत्रात एकदम चार कोर्सना नाव घातलं! आधुनिक भारताचा इतिहास, भारतीय राज्यघटना, एक जीवशास्त्राचा आणि एक सार्वजनिक आरोग्याचा. नाव घालायला पैसे पडत नाहीत, हाच त्यातला धोका. पहिला आठवडा जोशात गेला. दुसऱ्या आठवड्यात गड्डा आला. सिद्धेश्वराच्या यात्रेत सोलापुरात कुणी अभ्यास केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कारखान्यात जीएसटीची गडबड. फेब्रुवारीच्या सुरुवातीला उघडून बघितलं तर चारही कोर्स मिळून अठ्ठावीस व्हिडिओ साठलेले. मोबाईल पालथा घातला आणि दोन महिने त्या विषयाचं नाव काढलं नाही. मोफत होतं ना, कुणी विचारायला आलं नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा हात घातला, पण या वेळी लहान घास. "ओपनलर्न" म्हणून इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाचं संकेतस्थळ आहे, २००६ पासूनचं. तिथे व्हिडिओ कमी आणि वाचायला जास्त असतं. माझ्यासारखीला हे बरं, कारण वाचताना थांबता येतं, शब्दावर बोट ठेवता येतं. तारखांची बंधनं नाहीत, प्रश्नमंजूषा चुकली तर पुन्हा देता येते, शेवटी सहभागाचं एक प्रमाणपत्र उतरवून घेता येतं. त्याला नोकरीत कोण विचारणार ते सोडा. संसर्गजन्य रोगांवरचा एक कोर्स मी पाच आठवड्यांत पुरा केला. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. दुपारी पंखा गरम हवाच फिरवत असतो, म्हणून मी पहाटे साडेचार ते सहा अशी वेळ धरली. ज्या दिवशी नळाला पाणी यायचं त्या दिवशी सुट्टी. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि ते येतं तेव्हा घरातली बाई दुसरं काहीच करू शकत नाही.

याच दिवसांत एक मजा झाली. आरोग्याचा कोर्स वाचताना प्लेगची लस बनवणारा हाफकिन भेटला. जानेवारीत अर्धवट सोडलेल्या इतिहासाच्या कोर्सचे व्हिडिओ अजून उघडत होते (यूट्यूबवरही असतात), म्हणून त्या काळाचं काय ते पुन्हा बघितलं. आणि मग एका कागदावर तारखा लिहीत गेले. तो कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. वर मोठ्या अक्षरात "१८९७".

आदल्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग शिरलेला. १० जानेवारी १८९७ ला हाफकिनने स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. ४ फेब्रुवारीला इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला, घरात घुसून तपासणी करायचे, माणसं वेगळी ठेवायचे अधिकार देणारा. १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली.

शाळेत मी रँडचा वध इतिहासात शिकले, रॉस विज्ञानात शिकले आणि सावित्रीबाई पंधरा मार्कांच्या निबंधात. हे सगळं एकाच वर्षात, एकाच साथीभोवती चाललं होतं हे मला पंचेचाळीसाव्या वर्षी कळलं. आणि तो साथरोगांचा कायदा? मार्च २०२० मध्ये आपल्याला घरात बसवलं त्यात याही कायद्याचा आधार होता. त्या दिवशी पहाटे सहाला चहा टाकायचा विसरले, घरातले ओरडले.

चार विषयांचे चार कोर्स एकदम घ्यायची गरज नव्हती, हे तेव्हा कळलं. एक नीट धरला तर बाकीचे आपणहून त्याच्या मागे येतात.

आता मुख्य प्रकरण. जुलै २०२५ च्या सत्रात मी एकच कोर्स घेतला. आरोग्याच्या क्षेत्रात संशोधन कसं करतात, एखादी तपासणी किंवा औषध उपयोगी आहे हे कसं ठरवतात, याचा. आठ आठवड्यांचा. कोर्सचं नाव मुद्दाम देत नाही, दर सत्रात यादी बदलते, तुम्ही तुमचा शोधा. हा "एनपीटीईएल"चा होता. आयआयटी आणि बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेने मिळून चालवलेला हा उपक्रम आहे, स्वयमवरच सापडतो. शिकणं फुकट, प्रत्येक आठवड्याची असाइनमेंट फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तर मात्र केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची आणि तिची फी एका कोर्सला १००० रुपये. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना निम्मी सवलत आहे, त्याची कागदपत्रं जोडावी लागतात. ज्यांना नुसतं शिकायचंय त्यांनी एक रुपयाही भरू नये, काही अडत नाही. मी भरला, कारण जानेवारीतली मी मला माहीत होते. हजार रुपये गेल्याशिवाय ही बाई पहाटे उठणार नाही.

इथे पहिली ठेच. कोर्सला नाव घालणं वेगळं आणि परीक्षेचा अर्ज वेगळा. मला वाटलं एकदा नाव घातलं की झालं. परीक्षेचा अर्ज मधल्या काही आठवड्यांतच उघडा असतो, त्याची सूचना ईमेलवर येते, आणि माझे ईमेल जात होते भाच्याने उघडून दिलेल्या खात्यावर, जे मी कधी बघतच नव्हते. कोर्सच्या पानावर सहज नजर गेली म्हणून शेवटची तारीख यायच्या नऊ दिवस आधी कळलं. तुम्ही नाव घातलंत की त्याच दिवशी ईमेल मोबाईलवर चालू करून घ्या.

दुसरी ठेच नावाची. भाच्याने खातं उघडताना माझी दहावीची मार्कलिस्ट समोर ठेवली होती, म्हणून तिथे माहेरचं नाव. आधार कार्डावर सासरचं. सर्टिफिकेटवर नाव येतं ते अर्जात भरलेलं, आणि परीक्षेला ओळखपत्र दाखवायचं मूळ. दोन्हींत फरक पडला तर केंद्रावर अडवतील ही भीती. ओळखीतल्या एकांनी सांगितलं, राजपत्रात नाव बदलून घ्या. एजंटाकडे चौकशी केली तर त्याने दोन हजार सांगितले आणि महिना लागेल म्हणाला. मी रडकुंडीला आले. मग रात्री शांतपणे सूचना वाचल्या तेव्हा लक्षात आलं, की यांना माझी दहावीची मार्कलिस्ट नकोच आहे! खात्यातलं नाव बदलून आधारप्रमाणे केलं, अर्जातही तेच भरलं, काम झालं. खर्च शून्य. अर्ज भरताना आधार समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच भरा, एवढंच. पहिलं नाव, मधलं नाव यांचा क्रमसुद्धा.

फोटो आणि सही अपलोड करायची असते. पांढऱ्या कागदावर सही करून मोबाईलने फोटो काढला तर सावली पडत होती. अशोक चौकातल्या झेरॉक्सवाल्याने तीस रुपयांत दोन्ही हव्या त्या आकारात करून दिलं. केंद्रासाठी शहर निवडायचं होतं, पहिली पसंती सोलापूर, दुसरी पुणे. मग पैसे. खात्यातून हजार गेले आणि पानावर "प्रलंबित" असं आलं. बँकेच्या ॲपमध्ये "यशस्वी". माझ्या पोटात खड्डा. मी घाईने पुन्हा भरणार तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, थांब की जरा, दोनदा जातील." तो व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवला, मदतीच्या पत्त्यावर ईमेल टाकला. दोन दिवसांनी ठरावीक साच्याचं उत्तर आलं. चौथ्या दिवशी पैसे खात्यात परत आले, पाचव्या दिवशी पुन्हा भरले, या वेळी अर्ज पक्का झाला. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हे झालं असतं तर वर्ष गेलं असतं. म्हणून म्हणते, आठवडाभर हाताशी ठेवून भरा.

ऑगस्टमध्ये कोर्स सुरू झाला. आठवड्याला पाच-सहा व्हिडिओ आणि शेवटी असाइनमेंट, दहाएक प्रश्नांची. उत्तरं द्यायची मुदत बुधवारी रात्री ११:५९. हा आकडा माझ्या घरात आता म्हणीसारखा झालाय. गॅस संपत आला की मुलगा म्हणतो, "आई, बुधवार अकरा एकोणसाठ झाले." मुदतीआधी उत्तरं कितीही वेळा बदलून पाठवता येतात, शेवटचं पाठवलेलं धरतात. हे कळेपर्यंत मी पहिली असाइनमेंट तीन दिवस उघडून ठेवली होती, न पाठवता, सगळं बरोबर येईपर्यंत. तसं करू नका. रविवारी जे येतंय ते पाठवून टाका, मग सुधारत बसा. तिसऱ्या आठवड्याची माझी असाइनमेंट बुडाली, कारण त्या बुधवारी पाणी आलं रात्री अकराला. पण आठांपैकी उत्तम सहा धरतात, म्हणून निभावलं.

इंग्रजीचं काय, हे सगळ्या जणी विचारतात. अवघड गेलं. खरंच अवघड गेलं. वेग पाऊणपट करायचा, खाली इंग्रजी अक्षरं चालू ठेवायची, आणि एका व्हिडिओला अर्धा तास धरून चालायचं. काही कोर्सच्या व्याख्यानांचा मराठी मजकूरही मिळतो, आधी शोधून बघा. माझ्या कोर्सला मिळाला नाही. मी एक दोनशे पानी वही घातली, डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे मला कळलेला अर्थ. "कन्फाउंडर" या शब्दापुढे मी लिहिलंय: "तिसराच कुणीतरी, जो दोघांत भांडण लावतो." वहीत शेवटी दोनशे अकरा शब्द झाले.

चौथ्या आठवड्यात मात्र मला माझा प्रश्न भेटला. तपासण्यांवरचा धडा होता. सेन्सिटिव्हिटी (खरे आजारी किती पकडले जातात), स्पेसिफिसिटी (निरोगी किती बरोबर सोडले जातात), असे जीभ वळत नाही असे शब्द. तीनदा ऐकलं, डोक्यावरून. मग कारखान्यात चेकिंगच्या टेबलापाशी उभी असताना सगळं उलगडलं. समजा हजार टॉवेल आले, त्यांत खरोखर खराब दहा. चेकिंगवाली हुशार आहे, दहांतले नऊ पकडते. पण चांगल्या मालातले शंभरात पाच तिच्या नजरेला उगाच खराब वाटतात. चांगले नऊशे नव्वद, त्यांतले सुमारे पन्नास "सेकंड"मध्ये गेले. म्हणजे सेकंडच्या ढिगात एकोणसाठ टॉवेल, आणि त्यांत खरे खराब फक्त नऊ! चेकिंगवाली वाईट नाही. खराब मालच मुळात थोडा आहे, म्हणून ढीग फसवा होतो. तपासणीचंही तेच. साथ नसताना आणि साथ असताना एकाच रिपोर्टचा अर्थ वेगळा निघतो. आमच्या चेकिंगच्या बाईंना मी हे उत्साहाने सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या कामात खोट काढायलीस की काय?" दोन दिवस बोलल्या नाहीत.

आणि मुलाचा रिपोर्ट? डेंगीत पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणूचा अंश रक्तात सापडतो, त्याची तपासणी वेगळी. त्यानंतर शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं सापडतात, त्यांची वेगळी. आमची दुसऱ्या दिवशी झाली ती प्रतिद्रव्यांची. जुनी फाईल काढून बघितली, कागदावर तसं लिहिलेलंच होतं. ते माझ्यासमोर वर्षभर होतं, वाचता येत नव्हतं. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली ती मात्र सगळ्यांना सांगते: डेंगीत ताप उतरला की माणूस सुटला असं नसतं. ताप उतरायच्या सुमारासच खरा धोक्याचा काळ येऊ शकतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा. मी डॉक्टर झालेली नाही. पण आता डॉक्टरांना दोन प्रश्न धड विचारू शकते.

सप्टेंबरच्या शेवटी सीना नदीला पूर आला. आमच्याकडचे मोहोळ, माढ्याकडचे चार कामगार आठ दिवस आले नाहीत. एकाच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं होतं. त्या आठवड्यात मी व्हिडिओ लावले पण कान तिकडे नव्हते. मालकांनी वर्गणी काढली, हिशेब माझ्याकडेच. सहाव्या आठवड्याची असाइनमेंट दहापैकी पाच. त्या आठवड्याचं मला काही वाटलं नाही.

हॉलतिकीट आलं दिवाळीच्या तोंडावर. केंद्र सोलापुरातलंच एक कॉलेज, दुपारचं सत्र, दोन ते पाच. इकडे चकलीचा सोऱ्या हातात आणि तिकडे यूट्यूबवर नमुन्याचा आकार कसा ठरवायचा ते चाललेलं. सासूबाई म्हणाल्या, "भाजणीत मोहन किती घातलंस त्याचा आकार आधी बघ." चकल्या मऊ पडल्या. लक्ष्मीपूजनाला वही-पेनाबरोबर माझी शब्दांची वहीसुद्धा पूजेत ठेवली. हे नवऱ्याने परस्पर केलं होतं, मला नंतर दिसलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी परीक्षा. रिक्षाने गेले, सत्तर रुपये. वाटेत भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकावरून गेलो. लहानपणापासून हजारदा तिथून गेलेली. सोलापुरात जन्मलेला मुलगा, १९३८ मध्ये चीनला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेला आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारला. शाळेत हे पाठ होतं. पण तिथे औषधं, पट्ट्या, पाणी याशिवाय माणसं कशी जगवली असतील हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा आला. हे सगळं रिक्षात बसून, पोटात गोळा आलेला असताना.

केंद्रावर तासभर आधी पोचा. हॉलतिकिटाची छापील प्रत लागते, मोबाईलमधली चालत नाही, आणि मूळ ओळखपत्र. माझ्या पुढचा मुलगा आधारची झेरॉक्स घेऊन आला होता, त्याचा भाऊ मोटारसायकलवर मूळ कार्ड आणायला पळाला. मोबाईल, पर्स बाहेर ठेवायची. तिथे सगळी अठरा-वीस वर्षांची इंजिनिअरिंगची पोरं. एकाने मला वाकून विचारलं, "मॅडम, आमचा ब्लॉक कुठला?" त्याला वाटलं मी पर्यवेक्षक. मी म्हटलं, "मलाही शोधायचाय, चल."

संगणकावर परीक्षा, तीन तास. माऊसने उत्तरावर टिचकी मारायची. माऊसची सवय नसेल तर आधी कुठे तरी हात बसवून जा. मोबाईलवर शिकलेल्या माणसाची बोटं पडद्यावरच जातात, माझी दोनदा गेली. पहिला अर्धा तास प्रश्न वाचण्यातच गेला. असाइनमेंटमधले काही प्रश्न जवळजवळ तसेच होते, ते सुटले. बाकीचे वळवून विचारलेले. तपासणीच्या गणिताचा एक प्रश्न आला तेव्हा मी रफ कागदावर टॉवेल काढले, खरंच चौकोन काढले छोटे छोटे. पाच वाजता बाहेर आले तेव्हा काही म्हणजे काही कळत नव्हतं. सात रस्ता चौकात थांबून उसाचा रस प्यायले आणि घरी चालत आले.

निकालाला महिन्याच्या वर लागला. रोज बघत होते हे कबूल करते. निकालात असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ असे धरतात. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, २५ पैकी निदान १० आणि ७५ पैकी निदान ३०. माझ्या असाइनमेंट चांगल्या होत्या, २१.२५. परीक्षेत शंभरात ४९, म्हणजे ३६.७५. एकूण ५८. साठ असते तर सर्टिफिकेटवर "एलिट" असं छापून येतं. दोन मार्कांनी राहिलं, ते तिसऱ्या आठवड्याच्या पाण्यामुळे नव्हे, परीक्षेतल्या शेवटच्या पाच प्रश्नांना मी घाई केली त्यामुळे. सर्टिफिकेट ईमेलवरून उतरवून घ्यायचं, टपालाने येत नाही. झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रत काढली, वीस रुपये. त्याने वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या सहीचा फोटो मीच काढला होता."

हिशेबनीस आहे म्हणून खर्चही लिहून ठेवलाय. फी १०००. फोटो-सही ३०. हॉलतिकीट दोन प्रती १०. वही ६०. कानात घालायची वायर २५०. रिक्षा ७०. रस २०. रंगीत प्रत २०. एकूण १४६०. डेटाचा रिचार्ज धरत नाही, तो तसाही होतच होता. वेळेचा हिशेब ठेवला नाही, पण पहाटेचा दीड तास आठवड्यातून पाच दिवस, असं आठ आठवडे, वर परीक्षेआधीचे पंधरा दिवस.

घरात एक बदल झाला तो अभ्यासक्रमात नव्हता. आमच्याकडे पाणी साठवल्याशिवाय गत्यंतर नाही: दोन पिंपं, एक टाकी, चार हंडे. डेंगीचा डास असल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडायला लागेपर्यंत त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करायचं. पण नुसतं रिकामं करून भागत नाही, अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. काठ घासावा लागतो. हे मी गल्लीत सांगायला गेले तेव्हा एकीने विचारलं, "रिकामं केलं आणि दुसऱ्या दिवशी पाणी आलंच नाही तर?" त्याला माझ्या कोर्समध्ये उत्तर नव्हतं. आता आम्ही पाणी यायच्या दिवशीच, ते यायच्या आधी अर्धा तास पिंपं घासतो. गल्लीतली सहा घरं. बाकीची अजून हसतात.

काल संध्याकाळी त्या वहिनी आल्या. जानेवारीच्या सत्रात त्यांना बालसंगोपनावरचा कोर्स करायचाय, अंगणवाडीत मदतनीस आहेत. मी म्हटलं एकच घ्या, दोन नको. खातं उघडायला बसलो. ईमेल त्यांच्याच मोबाईलवर चालू केला. मग म्हटलं, आधार कार्ड समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच सांगा. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. पहिलं नाव लग्नानंतर बदललेलं, आडनाव माहेरचं, आणि जन्मतारखेच्या जागी नुसतं साल.

मी उठून चहा टाकला.